बुडून राह्यली

होळीची राख अंगणातून उडून जाते न जाते तोच आमच्या गावचा टँक घासायला काढतात. चंद्रपूरहून आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं तालुक्याचं गाव आहे आणि त्या गावाच्या नशिबाने तिथं एक सार्वजनिक जलतरण तलाव आहे. 'जलतरण तलाव' हे फक्त पाटीवर. आम्ही टँकच म्हणतो, कारण तलाव म्हटलं की आमच्याकडे लोकांना म्हशी आठवतात. जुनं पाणी सोडून देतात, मारोतीभाऊ आणि दोन बाया खराटे घेऊन आत उतरतात आणि ब्लीचिंगचा उग्र वास पार बसस्टँडपर्यंत जातो. मी या टँकवर मुलींना पोहायला शिकवते, त्याला बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत हा वास अंगवळणी पडायला हवा. एके काळी पडलाही होता. आता तो नकोसा वाटतो, आणि तरी दरवर्षी सगळ्यांच्या आधी मीच जाऊन काठावर उभी राहते.

रिकामा टँक बघू नये. भरलेला असला की तो निळा, खेळकर दिसतो. पाणी काढलं की कळतं, आपण लेकरांना केवढ्या खड्ड्यात उतरवतो. उथळ बाजूची फरशी हळूहळू उतरत जाते आणि मध्यावर एकदम खाली जाते. त्या उताराच्या पायथ्याशी, डावीकडच्या काळ्या पट्टीवर एक जागा आहे. मारोतीभाऊ आमचा जुना जीवरक्षक, आता पंप सांभाळतो. तो दरवर्षी न विचारता म्हणतो, "तिकडचं मी घासतो जी, मॅडम. तुमी मोटर पाहा." मी मोटर पाहायला जाते. मोटरीत पाहण्यासारखं काही नसतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

आमचा उन्हाळा हा काही बाहेरच्यांना सांगून पटायचा विषय नाही. माझी पुण्याची वहिनी एकदा मे महिन्यात आली आणि तिसऱ्या दिवशी कूलरसमोर बसून रडली. संध्याकाळी पाचलासुद्धा टँकच्या काठची फरशी अशी तापलेली असते की मुली एकेका पायावर उड्या मारत येतात. म्हणून आम्ही कपडे बदलायच्या खोलीपासून पायऱ्यांपर्यंत पोत्यांचा बारदाना अंथरतो आणि त्यावर पाणी मारत राहतो. ओल्या बारदान्याचा वास, भिंतीपलीकडच्या आंब्याच्या झाडाचा वास आणि सव्वीस मुलींचा एकसुरी कलकलाट, ही पाचची बॅच. मी जगले ती या बॅचसाठी, असं म्हटलं तर माझा नवरा रागावत नाही, हसतो.

मी स्वतः पोहायला शिकले ती बोडीत. बोडी म्हणजे धानाच्या शेताला पाणी द्यायला राखलेलं छोटं तळं. आम्हाला शिकवणारं कोणी नव्हतं. एकमेकींना ढकलत, पाणी पीत शिकलो. तिथं आमचा एक लाडका खेळ होता. सगळ्यांनी एकदम बुडी मारायची आणि जास्त वेळ कोण पाण्याखाली राहते ते बघायचं. खेळाचं नावच होतं 'बुडून राह्यचं'. टँकवर शिकवायला लागले तेव्हा मीच हा खेळ बोडीतून उचलून इथं आणला. पोरींची भीती जाते, छाती मजबूत होते, असं पालकांना ठासून सांगायचे. काठावर उभी राहून मोठ्याने आकडे मोजायचे. बुडण्याआधी भराभर श्वास घ्या, मग जास्त टिकाल, ही युक्तीही माझीच. भराभर श्वास घेऊन बुडी मारलेलं पोर पाण्याखाली न तडफडता, न कळता बेशुद्ध पडू शकतं, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

आता बोलीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे 'करते आहे' असं कोणी म्हणत नाही, 'करून राह्यली' म्हणतात. माय जेवून राह्यली म्हणजे जेवते आहे, पोरगी शिकून राह्यली म्हणजे शिकते आहे. त्या हिशोबाने 'बुडून राह्यली' म्हणजे बुडते आहे. आणि खेळात 'बुडून राह्यली' म्हणजे अजून पाण्याखाली टिकून आहे, शाबास तिची. तीच अक्षरं, तोच सूर. जन्मभर बोललेल्या बोलीत असा एक खड्डा आहे, हे पाय पडेपर्यंत मला दिसलं नाही.

रोशनी या खेळातली आमची राणी होती. अकरा वर्षांची, काटकुळी, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. तिची आई दुर्गाबाई आमच्या गावातल्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची, आणि मायलेकी तिथंच मागच्या खोलीत राहायच्या. मूळ गाव आलापल्लीच्या पलीकडे, जंगलात, नदीकाठी. बाप तेंदूपत्त्याच्या दिवसांत तिकडेच असायचा. रोशनी पोहायला माझ्याकडून शिकली नाही, नदीकडून शिकून आली. मी फक्त तिचे हातपाय सरळ केले. पाण्यातून वर आली की ती आधी श्वास घ्यायची नाही, आधी विचारायची, "किती झाले, मॅडम?" मग खोकत खोकत हसायची. मला ती फार आवडायची. सगळ्या मुली सारख्या असं शिकवणारीने म्हणायचं असतं, पण ते खरं नसतं.

त्या काळी आमची तयारी काय होती? सांगायची लाज वाटते, पण सांगते. हवेची रबरी ट्यूब होती, ती कोणी पळवू नये म्हणून ऑफिसात कुलपात. पाण्यातल्या माणसाला धरायला द्यायचा लांब बांबू होता, त्याने आम्ही भिंतीपलीकडच्या कैऱ्या पाडायचो. मारोतीभाऊ जीवरक्षक होता, पण तोच पंप चालवायचा, तोच फाटक उघडायचा, बारदान्यावर पाणीही तोच मारायचा. आणि मी मॅडम होते. सगळ्यांना वाटायचं मॅडम आहेत, मॅडमला वाटायचं मारोती आहे. काही झालं तर कोण काय करणार, हे आम्ही कधीही बोललो नव्हतो. काही होतच नव्हतं ना.

त्या दिवशी बॅच संपायला थोडा वेळ उरला होता. मारोतीभाऊ पंपाच्या खोलीत होता. मुलींनी दुपारीच बांबूने कैऱ्या पाडल्या होत्या आणि बांबू तिकडेच, झाडाखाली पडला होता. मी बाकावर बसून कैरी कापत होते. बॅच सुटल्यावर पोरींना तिखटमीठ लावून एकेक फोड द्यायची, हा माझाच रिवाज. खोल बाजूला चौघीजणींचा खेळ चालला होता. मी आकडे मोजत नव्हते, त्या दिवशी त्याच मोजत होत्या. निकिता म्हणून रोशनीची जिवाभावाची मैत्रीण होती. तिने काठाला धरून हाक मारली, "मॅडम, रोशनी बुडून राह्यली!"

मी मान वर करून पाहिलं. पाण्याखाली रोशनीचा लाल पोशाख दिसत होता, हात हलताना दिसत होते. मी म्हटलं, "राहू दे वं. पाहू किती राह्यते."

आणि पुढची फोड कापली.

किती वेळ गेला, हे मला नंतर अनेकांनी विचारलं. घड्याळ कोणी पाहिलं नव्हतं. मला एवढं माहीत आहे की मी पाच फोडी कापल्या. पाचवीच्या वेळी निकिताने दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा तिच्या आवाजाची पट्टी बदललेली होती. मग सुरी कुठं पडली, मी पाण्यात कधी गेले, काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की ती फार हलकी होती.

पाणी वरून खोटं बोलतं. तळाशी निपचित पडलेली वस्तू वरच्या लाटांमुळे हलताना दिसते. तिचे हात हलत नव्हते, पाणी हलत होतं. बुडणारं माणूस हात वर करतं, ओरडतं, वाचवा वाचवा म्हणतं, हे आपण सिनेमात पाहिलेलं असतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा काहीच आवाज होत नाही. हे सगळं मी पुढे नागपूरला रीतसर प्रशिक्षण घेताना शिकले. शिकवणारा तरुण पोरगा फळ्यावर भराभर लिहीत होता आणि मी शेवटच्या बाकावर बसून एकेक ओळ उतरवताना मनात म्हणत होते, हे आधी का नाही सांगितलं रे बाबा. बाहेर काढल्यावर काय करायचं तेही तिथंच कळलं. आधी तोंडाने श्वास, मग छाती दाबणं, न थांबता. आम्ही काय केलं होतं? गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "पोट दाबा, पोटातलं पाणी काढा!" आणि मी पोट दाबत बसले. कोणी तिला उलटं धरलं. फाटकाला आतून कडी होती, दवाखान्यात न्यायला आलेली गाडी बाहेर उभी राहून हॉर्न वाजवत होती, आणि कडी काढायची कोणी हे कोणालाच सुचलं नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दुर्गाबाई आली तेव्हा तिच्या हाताला कणीक लागलेली होती. ती रडली नाही. तिने रोशनीचे ओले केस मागे सारले, तिची कणीक त्या केसांना लागली, ती पदराने पुसत राहिली. मी तिच्यासमोर उभी होते. पुढे चौकशी झाली, कागदावर 'खेळताना श्वास कोंडून दुर्दैवी मृत्यू' असं आलं. मला विचारलं, तुमचं लक्ष होतं का? मी होतं म्हटलं. ते खोटंही नव्हतं. लक्ष होतं, मी पाहिलं होतं, मी 'राहू दे' म्हटलं होतं. पण ते दोन शब्द मी कोणाला सांगितले नाहीत. अकरा वर्षांच्या निकिताला कोणी काही विचारलंच नाही. पोरीबारींना काय विचारायचं? तेंदूपत्त्याचा हंगाम संपायच्या आत दुर्गाबाई वसतिगृहाचं काम सोडून गावी निघून गेली.

तेव्हापासून 'राहू दे' हे माझ्या तोंडी नाही. भाजीवाली वरून मिरच्या टाकायला लागली तर 'नको' म्हणते, पाहुणे ताट उचलायला लागले तर 'ठेवा' म्हणते. घरच्यांना वाटतं वयाने बाई तुसडी झाली. बॅच सुटली की सव्वीसच्या सव्वीस मुली मोजून फाटकाबाहेर जातात, वेण्या पिळतात, सायकलींवर बसतात. सगळ्या गेल्या हे मला माहीत असतं. तरी मी परत येते आणि पाणी पूर्ण शांत होईपर्यंत, तळाची काळी पट्टी सरळ दिसेपर्यंत उभी राहते. कूलरच्या घरघरीत दुपारी डोळा लागला की मला ती पहिली हाक ऐकू येते. त्या पहिल्या हाकेत भीती होती का? नऊ वर्षं मी कान देऊन ऐकते आहे. कधी होती असं वाटतं, कधी नव्हती.

रोशनी गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात टँक उघडेल की नाही, उघडला तरी तिथं मी असेन की नाही, काही ठरलेलं नव्हतं. मी सोडणारच होते. मग वाटलं, मी गेले तर दुसरी कोणीतरी येईल, आणि तिला काहीच माहीत नसेल. गेले नाही. खेळ बंद केला. ट्यूब कुलपातून काढून जीवरक्षकाच्या खुर्चीला टांगली. बांबूला लाल रंग दिला आणि कैरीला लावलेला दिसला तर हात तोडीन म्हणून सांगितलं. खुर्चीवर बसेल त्याने दुसरं काही करायचं नाही, बोलायचं नाही, फोन पाहायचा नाही, थोड्या थोड्या वेळाने माणूस बदलायचा. मारोतीभाऊने खुर्ची सोडून फक्त पंप मागून घेतला. रोज बॅच सुरू होताना नावं घेऊन ठरवायचं, आज पाण्यात कोण उडी मारणार, रुग्णवाहिकेला फोन कोण करणार, फाटक कोण उघडणार, बाकीच्या पोरींना बाजूला कोण नेणार. लोक हसले. "मॅडमचं मिलिटरी राज्य," म्हणाले. हसोत बापडे.

राहिली एक गोष्ट. हाक. कोणी बुडताना दिसलं तर ओरडायचं काय? 'बुडली' तर बादच होतं. 'वाचवा' म्हणत पोरी दिवसभर खिदळत असतात. मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना काठावर बसवून विचारलं. कोणी 'हेल्प' म्हणालं, कोणी 'धोका'. निकिता अगदी शेवटी, बारदान्यावर बसली होती. वर्षभरात ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती उठून म्हणाली, "रोशनी म्हणू, मॅडम. ते नाव कोणी मस्करीत घेत नाई."

तेव्हापासून आमच्या टँकवर ती हाक आहे. आठवड्यातून एकदा, न सांगता, मी एखाद्या मुलीला खुणावते, ती पाण्याखाली जाऊन निपचित पडते, आणि जिला दिसेल तिने ओरडायचं. मग सगळ्या ओरडतात. नव्या पोरींना ती रोशनी कोण हे ठाऊकही नसतं. दर वेळी मी त्या आवाजात भीती आहे का ते ऐकते, आणि दर वेळी असते. तिच्या आईला मात्र आम्ही विचारलं नव्हतं. मला तिच्यासमोर जायची हिंमत नव्हती. गेले असते तर ते दोन शब्दही सांगावे लागले असते.

या वर्षी दुर्गाबाई आली.

टँक सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते. पाचची बॅच पाण्यात उतरत होती, आणि फाटकापाशी एक बाई कापडी पिशवी घेऊन उभी दिसली. केस पांढरे झाले होते, पण उभं राहणं तेच. मी जवळ गेले. तिने पिशवीतून चारं काढली, चारोळीच्या झाडाची पिकलेली काळी फळं, पानाच्या द्रोणात बांधलेली, आणि माझ्या हातात दिली.

"मले आयकू आलं," ती म्हणाली, "इथी माह्या पोरीचं नाव घेऊन पोरी बोंबलते म्हणून. खरं हाय काय?"

"खरं आहे," मी म्हटलं.

"काऊन?"

मी सांगितलं. हाक कशी ठरली, कोणी ठरवली, कशासाठी. ती ऐकत होती. नको म्हणाली असती तर मी त्याच दिवशी हाक बदलली असती. पण मग माझ्या लक्षात आलं की मी अजूनही अर्धंच सांगते आहे. समोर बाक होता, तोच. मी म्हटलं, "दुर्गाबाई, निकितानं मले आवाज दिला होता. रोशनी बुडून राह्यली म्हणाली. मले वाटलं खेळून राह्यली. मी म्हटलं राहू दे. मी इथी बसून कैरी कापत होती." सांगून झालं. नऊ वर्षांत ते दोन शब्द पहिल्यांदा माझ्या तोंडातून बाहेर आले होते.

ती हळू म्हणाली, "निकीनं तवाच सांगलं होतं मले. माह्या मांडीवर डोकं ठेवून रडली पोरगी. मी पाहून राह्यली होती, तुमी कधी सांगसान."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. ती टँककडे बघत होती. खुर्चीवर निकिता बसली होती. वीस वर्षांची झाली आहे आता, आमची जीवरक्षक, तिची नजर पाण्यावरून हलत नाही. आम्ही दोघी फाटकाशी आहोत हे तिला कळलं असणार, पण तिने मान वळवली नाही. मी तिला तसंच शिकवलं आहे.

"मले पाहाचं हाय," दुर्गाबाई म्हणाली.

मी पाण्यातल्या एका मुलीला खूण केली. ती खोल बाजूला गेली, बुडी मारली आणि तळाच्या काळ्या पट्टीवर स्थिर झाली. क्षणभर काही नाही. मग उथळ बाजूची एक चिमुरडी किंचाळली, "रोशनीऽऽ!" आणि तिच्या पाठोपाठ सगळ्याच, भिंतीला आपटून परत येईल असा तो आवाज, "रोशनीऽऽ! रोशनीऽऽ!" दुर्गाबाईच्या तोंडून नकळत "ओ" निघाली. तोवर निकिता हवेत होती. पाणी फुटलं, एक मुलगी फाटकाकडे धावली, एक फोनकडे, बाकीच्या काठावर आल्या, आणि पाणी खाली बसायच्या आत निकिता त्या मुलीला काखेत धरून वर आली. मुलगी डोळे चोळत हसत होती. एक फोड कापून झाली नसती, एवढाच वेळ.

दुर्गाबाई फाटकाची सळई धरून उभी होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "एवढ्या लवकर पोचता येते काय, बाई?"

"हो," मी म्हटलं.

तिने रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली. चपला घातल्या. निघता निघता थांबली.

"मंग नाव राहू द्या," ती म्हणाली.